अंगणातली सीतेची वेणी

झाड म्हटले की माती आली. खड्डा खणायचा, शेणखत घालायचे, रोप लावायचे, आळे करायचे, पाणी सोडायचे. आपल्या बापजाद्यांनी हेच केले. आपणही हेच करतो. उद्या कोणी म्हणाले, "मातीवाचून झाड वाढते," तर आपण म्हणू, "गड्या, थट्टा करतोस काय?"

पण अशी झाडे आहेत. एक-दोन नाहीत, हजारो जाती आहेत. त्यांतली एक तर आपल्याच पुणे जिल्ह्यातली आहे. तिचे नाव सीतेची वेणी.

भीमा नदी तुम्हांला माहीतच आहे. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके तिच्या काठचे. ही नदी भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. तिकडे सह्याद्रीची दाट झाडी. पाऊस असा, की चार-चार महिने घोंगडी वाळत नाही. अशा सह्याद्रीच्या झाडीत मोठ्या झाडांच्या फांद्यांवर ही सीतेची वेणी वाढते. पावसाच्या तोंडावर, मे-जून महिन्यांत, तिला फुले येतात. वीतभर, कधी हातभर लांबीचा तुरा खाली लोंबतो. एकेका तुऱ्यात शंभराच्या वर फुले, दाटीवाटीने बसलेली. पांढरा रंग, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि गोड वास. दुरून पाहिले तर वाटावे, एखाद्या बाईने वेणी गुंफली आणि फांदीला अडकवून ती पाण्याला गेली! म्हणून हे नाव पडले. कोणी तिला नुसता 'गजरा' असेही म्हणतात.

दूर आसामातसुद्धा हे फूल आहे. तिथे त्याला 'कोपौ फूल' म्हणतात. चैत्र-वैशाखात आसामात बिहू नावाचा मोठा सण असतो. त्या सणात नाचणाऱ्या पोरी हा तुरा अंबाड्यात माळतात. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांनी हे फूल आपले राज्यफूल मानले आहे. म्हणजे बघा, आपल्या डोंगरातली वेणी तिकडे केवढ्या मानाची!

या कुळाला मराठी पुस्तकांत 'आमर' कुळ म्हणतात. इंग्रजी नाव ऑर्किड. शहरातल्या लग्नात मांडवाला जांभळी-पांढरी, मेणाची असावीत अशी फुले लावलेली तुम्ही पाहिली असतील. तीही बहुतेक याच कुळातली. जगात या कुळाच्या २५,००० हून जास्त जाती आहेत. त्यांतल्या १,२०० हून अधिक भारतात आहेत. काही मातीतच वाढतात, पण पुष्कळशा झाडांवर राहतात.

आइस्क्रीमला जो व्हॅनिलाचा वास येतो, तोही मुळात एका ऑर्किडच्या शेंगेचा. ती वेल मेक्सिको देशातली. लोकांनी ती दुसऱ्या देशांत नेऊन लावली. वेल वाढे, फुले येत, पण शेंग काही धरत नसे. फुलातला पराग जागेवर पोचवणाऱ्या माश्या तिकडे नव्हत्या. मोठमोठे विद्वान डोके खाजवत बसले. मग १८४१ साली हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर एडमंड नावाच्या मुलाने युक्ती काढली. बारा वर्षांचा पोर, आणि तोही गुलाम. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. झाले काम! आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत हेच करतात. त्या मुलाची गुलामी १८४८ साली सुटली. पण त्याच्या युक्तीवर दुसरे श्रीमंत झाले, आणि तो मात्र १८८० साली गरिबीतच मेला.

असो. आपण आपल्या वेणीकडे वळू.

बांडगूळ नव्हे!

समजा, तुम्ही ही वेणी घरी आणली आणि अंगणातल्या आंब्याला बांधली. घरात काय बोलणे होईल, ते मी सांगतो.

"सूनबाई, त्या बांडगुळाला कशाला पाणी घालतेस? आंबा वाळवायचाय का?"

"आत्याबाई, ते बांडगूळ न्हाई. ते नुसतं बसलंय फांदीवर. आंब्याचं काही खात न्हाई."

"झाडावर बसतं आन् खात न्हाई? मग जगतं कशावर?"

आत्याबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे.

बांडगूळ हे चोर आहे. त्याचे फळ चिकट असते. पाखरे ते खातात आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतात. ते बी रुजते. त्याचे मूळ सालीतून आत घुसते, लाकडापर्यंत जाते, आणि आंब्याने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार मधल्यामध्ये पळवते. जिथे ते घुसते तिथे फांदीला गाठ येते. पुढची फांदी खंगते, वाळते. म्हणून बांडगूळ दिसले की फळे धरण्याआधी ती फांदी गाठीच्या मागून छाटावी. त्यात दयामाया नको.

सीतेची वेणी म्हणजे भाडेकरूसुद्धा नव्हे. ती फक्त पाहुणी. फांदीवर बसते, पण घरातले अन्न घेत नाही. तिची मुळे सालीच्या वरवरून पळतात. जाड, पांढरट, दोरीसारखी. सालीला धरून ठेवतात, पण आत शिरत नाहीत. फांदीला गाठ येत नाही. पानांवरूनही ओळख पटते. बांडगुळाला साध्या झाडासारख्या डहाळ्या फुटतात. वेणीची पाने मात्र लांब, जाड, पन्हाळीसारखी असतात आणि दोन्ही अंगांना ओळीने बसतात. पानाचे टोक पाहा. उंदराने कुरतडावे तसे ते मधोमध खाचलेले दिसते.

मग ती जगते कशावर? हवेवर आणि पावसावर! ऐकायला गोष्टीतल्यासारखे वाटते, पण खरे आहे.

तिच्या मुळावर एक पांढरे आवरण असते. ते स्पंजासारखे. पावसाची सर आली की जुन्या धोतराच्या बोळ्यासारखे ते भरभर पाणी पिते. सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यात धूळ असते, कुजलेल्या पानांचा अर्क असतो, पाखरांची विष्ठा असते. तेवढे खत तिला पुरते. बाकीचे अन्न ती उन्हात स्वतः तयार करते, जसे कुठलेही हिरवे झाड करते. एवढेच नाही, तर तिची मुळेसुद्धा उन्हात अन्न तयार करतात. मूळ ओले झाले की हिरवे दिसते, ते त्यामुळेच. वाळले की पुन्हा पांढरे. ही खूण ध्यानात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे.

अशा जाड पानांच्या पुष्कळ ऑर्किडांची आणखी एक रीत आहे. पानांना बारीक छिद्रे असतात. साधी झाडे ती दिवसा उघडी ठेवतात. मग उन्हात त्यांतून पाणी उडून जाते. ही झाडे दिवसा छिद्रे मिटतात आणि रात्री गार हवेत उघडतात. आपल्या बांधावरचे निवडुंग आणि घायपात हेच करतात. म्हणून तर ती दुष्काळातही तग धरतात.

आपल्याकडे अडचण कुठे आहे?

आता कोणी म्हणेल, निवडुंगासारखी काटक आहे, मग आणा आणि टांगा. तसे नाही. सह्याद्रीत आणि आपल्यात मोठा फरक आहे.

शिरूर-दौंडकडे वर्षाला साधारण वीस इंच पाऊस पडतो, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आसपास. तोही नेमाने नाही. मृगात चार थेंब, मग खंड, आणि खरा जोर बहुधा भाद्रपदात. डोंगरात याच्या कितीतरी पट पडतो. पण पावसापेक्षाही मोठा फरक हवेचा आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या वर जातो आणि कोरडा वारा सुटतो. ओले धोतर अर्ध्या तासात खडखडीत वाळते. धोतर वाळते तशी वेणीची मुळेही वाळतात. तिला उष्णता चालते. तिला सोसत नाही तो कोरडा वारा.

म्हणून मी आधीच स्पष्ट सांगतो. ज्या वाडीला उन्हाळ्यात टँकर लागतो, जिथे बाईला एकेका हंड्यासाठी रांगेत उभे राहावे लागते, तिथे हे रोप आणू नये. फूल कितीही देखणे असले तरी घरच्या हंड्यातले पाणी त्याच्यासाठी काढणे बरे नव्हे. ज्यांच्या घरी विहीर आहे, कालवा जवळ आहे, बारमाही नळ आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

रोप आणायचे कुठून?

डोंगरातून आणायचे नाही. ही गोष्ट पहिली. भीमाशंकरचे रान १९८५ सालापासून अभयारण्य आहे. अभयारण्यातले झाड, पान, फूल उपटून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. यात्रेला गेलो, खाली पडलेल्या फांदीवर वेणी दिसली, घातली पिशवीत, हेसुद्धा चालत नाही. कोणी दारावर येऊन "डोंगरातली अस्सल वेणी" म्हणून विकू लागला, तरी घेऊ नका.

कायदा बाजूला ठेवला तरी त्यात फायदा नाही. फांदीवरून ओरबाडून काढताना तिची मुळे तुटतात. मुळे हेच तिचे तोंड. तोंड फुटलेले रोप आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. पैसे जातात, आणि रानातले एक झाडही जाते.

रानातले एक झाड जाणे म्हणजे काय, तेही ऐका. वेणीच्या एका शेंगेत लाखो बिया असतात. धुळीसारख्या बारीक. वाऱ्यावर उडून जातात. पण ज्वारीच्या दाण्यात जसे कोंबासाठी अन्न साठवलेले असते, तसे या बीमध्ये काही नसते. बी फांदीवर पडले आणि तिथे एका खास जातीची बुरशी भेटली, तरच ते रुजते. ती बुरशी त्याला दूध पाजल्यासारखे अन्न देते. लाखांतल्या एखाद्याच बीचे असे भाग्य. मग रोप मोठे होऊन फुलावर यायला कित्येक वर्षे लागतात. ते उपटायला मात्र एक क्षण पुरतो.

बुरशीची ही गोष्ट बेर्नार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली शोधून काढली. पुढे १९२२ साली अमेरिकेत नडसन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की काचेच्या बाटलीत साखर आणि क्षार घालून केलेल्या खिरीवर हे बी बुरशीवाचूनही रुजते. तेव्हापासून ऑर्किडची रोपे बाटलीत वाढवता येऊ लागली. तुम्ही टिश्यू कल्चरची केळी लावली असतील. तोच हा प्रकार, थोड्या फरकाने.

तर अशी वाढवलेली रोपेच विकत घ्यावीत. पुणे-सोलापूर रस्त्याला, लोणी काळभोर-उरुळी कांचनच्या बाजूला पुष्कळ रोपवाटिका आहेत. तिथे चौकशी करावी. सगळीकडे सीतेची वेणी मिळेलच असे नाही. न मिळाली तर डेंड्रोबियम नावाचे ऑर्किड मागावे. लग्नाच्या मांडवातली फुले बहुधा त्याचीच. ते बोरूच्या पेरांसारख्या कांड्यांचे असते आणि कुंडीतही वाढते. नवख्याला ते सोपे पडते. वेणीचे आणखी एक भावंड आहे, व्हांडा. कोरड्या मुलखातल्या जुन्या आंब्यावर, बाभळीवरही ते वाढते. फूल पिवळसर, त्यावर तपकिरी जाळी, आणि मधली पाकळी जांभळट. बंगालकडचे वैद्य त्याच्या मुळांना रास्ना म्हणतात. मात्र रास्ना या नावाखाली बाजारात वेगवेगळ्या झाडांची मुळे विकली जातात. तेव्हा घरच्या रोपाची मुळे उकळून औषध करू नका.

रोप घेताना पानांपेक्षा मुळे पाहा. मूळ बोटाने दाबावे. टणक लागले तर जिवंत. पोकळ, चिपाडासारखे लागले तर मेलेले. मुळाचे टोक हिरवे किंवा तांबूस, ओलसर दिसले तर फारच चांगले. रोप वाढीला लागले आहे असे समजावे. फुललेले रोप बघून भुलू नये. चार जिवंत मुळांचे साधे रोप घ्यावे.

बांधायचे कसे?

मृगाचा पाऊस सुरू झाला की हे काम करावे. त्या दिवसांत नवी मुळे फुटतात. उन्हाळ्यात आणि थंडीत बांधू नये.

झाड कोणते? ज्याची साल खडबडीत आणि टिकाऊ, ते. आंबा उत्तम. चिंच चांगली. मोराची चिंचोलीसारख्या गावांत तर चिंचांना तोटा नाही. बाभळही चालते, पण तिची सावली विरळ. पेरू आणि निलगिरी नको. त्यांची साल सुटून पडते, आणि सालीबरोबर पाहुणीही खाली येते.

अंगणात झाड नसेल तर बाभळीचा किंवा आंब्याचा हातभर ओंडका घ्या आणि तो ओट्याच्या वाशाला टांगा. नारळाचे सोडण ओंडक्याला बांधून त्यावर रोप ठेवले तर ओल जास्त वेळ राहते. डेंड्रोबियमसाठी खापराची कुंडी घ्या. तिला बाजूनेही भोके हवीत. आत लोणारी कोळशाचे आणि विटांचे सुपारीएवढे तुकडे भरा. माती अजिबात नको. शेणखत नको. मातीत ही मुळे गुदमरतात आणि आठ-पंधरा दिवसांत कुजतात. आपल्याकडे घरी आणलेली ऑर्किडे बहुतेक याच कारणाने मरतात. माया म्हणून लोक काळी माती भरतात, आणि त्या मायेनेच झाड मरते.

जागा पूर्वेची निवडा. सकाळचे कोवळे ऊन नऊ-दहापर्यंत मिळावे. दुपारी सावली हवी. खोड छातीएवढ्या उंचीवर बांधा, म्हणजे बाईमाणसाला शिडी न लावता पाणी घालता येईल. पण शेळीचे तोंड तिथे पोचता कामा नये! शेळी आली की वेणी गेली, हे लक्षात असू द्या.

बांधायला सुतळी घ्या किंवा जुन्या लुगड्याची पट्टी. तार नको. ती उन्हात तापते आणि मुळाला कापते. मुळे सालीवर पसरा. रोप थोडे खाली झुकलेले ठेवा. रानातही ते असेच असते. सरळ उभे बांधले तर पानांच्या बेचक्यात पाणी साचते आणि गाभा सडतो. गाभा सडला की रोप वाचणे कठीण. घट्ट बांधा. हलणारे रोप मुळे धरत नाही.

पाण्याचे गणित

इथे थोडे जास्त थांबू. कारण आपल्या मुलखात सगळे पाण्यावर आहे.

पाणी किती घालायचे, हे मुळेच सांगतात. मुळे पांढरी झाली असतील तर पाणी द्या. ती हिरवी होईपर्यंत ओता, मग थांबा. पुन्हा पांढरी होईपर्यंत पाणी नको. घड्याळ नको, पंचांग नको. एका रोपाला एका वेळी तांब्याभर पाणी पुरते. खाली कोथिंबिरीची किंवा तुळशीची कुंडी ठेवा. ओघळलेले पाणी तिला मिळते, थेंब वाया जात नाही.

पाणी कोणते, हा पुढचा प्रश्न. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर बसत असेल, तर तोच थर मुळांवरही बसतो. मग स्पंजाची तोंडे बुजतात आणि मुळे पाणी पिईनाशी होतात. ऊसपट्ट्यात जिथे जमीन चोपण झाली आहे, तिथले पाणी तर खारटच. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवावे. पत्र्याच्या पन्हाळीखाली पिंप ठेवा. पहिल्या पावसाचे पाणी धुळीचे असते, ते जाऊ द्या. पुढचे भरून घ्या. पिंपाच्या तोंडाला घट्ट फडके बांधा, नाहीतर डास होतील आणि फुलाच्या नादात घरात डेंग्यू येईल. हे पाणी पुरले नाही तर निदान आठवड्यातून एकदा त्या पाण्याने मुळे चांगली धुवा. साबणाचे, भांडी घासलेले पाणी कधीही घालू नका.

पावसाळ्यात पाऊस असेल तर काहीच करावे लागत नाही. पण खंड पडला तर रोज सकाळी पाणी द्या. हीच वाढीची वेळ. खत द्यायचे तर आताच. ठिबकमधून सोडायचे १९:१९:१९ बहुतेक घरांत असते. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे लहानशी चिमूट, पंधरवड्यातून एकदा मुळांवर आणि पानांवर शिंपडा. किंवा शेण पाण्यात कालवून दोन दिवस ठेवा, वरची निवळ गाळून घ्या आणि ती फिक्या चहासारखी दिसेपर्यंत तिच्यात पाणी घाला. उसाला टाकतो तसा हात सैल सोडू नका. हे झाड गरिबीत वाढलेले आहे. त्याला मेजवानी पचत नाही.

दिवाळीनंतर पाणी कमी करा. पौषात आपल्याकडे रात्री पारा दहाच्याही खाली येतो. तेव्हा दोन-तीन दिवसांतून एकदा, ऊन वर आल्यावर पाणी द्या. संध्याकाळी नको. ओली मुळे आणि गार रात्र ही जोडी वाईट. टांगलेला ओंडका असेल तर गार वाऱ्यातून काढून भिंतीच्या आडोशाला न्या. खत बंद. हा तिच्या विश्रांतीचा काळ. हिवाळ्यात थोडे उपाशी ठेवलेले रोप पुढे चांगले फुलते.

होळी झाली की खरी परीक्षा. आता रोज सकाळी पाणी, आणि चैत्रापासून संध्याकाळी पाच वाजताही. टांगलेले रोप असेल तर ते माठाजवळ न्या. जिथे माठ पाझरतो, तिथली हवा गार आणि दमट असते. विहिरीचा काठ, न्हाणीघराचा आडोसा, वेलाचा मांडव, याही जागा चांगल्या. झाडावर बांधलेल्या रोपाला पश्चिमेकडून ओले गोणपाट लावा. वारा गोणपाटातून गाळून येऊ द्या. पण हवा अगदी कोंडू नका.

पाने काय म्हणतात, तेही शिकून घ्या. पानावर उभ्या सुरकुत्या पडल्या तर रोप तहानलेले आहे. पान पिवळे-तांबूस झाले तर ऊन जास्त होते. पान गर्द हिरवे, लांब, मऊ झाले आणि फूलच येईना, तर ऊन कमी पडते. कोंबडे आजारी पडले तर आपण तुरा पाहून ओळखतो ना? तसेच हे.

रोग-कीड फार नाही. पावसाळ्यात गोगलगायी येतात आणि मुळांची कोवळी टोके खातात. रात्री दिवा घेऊन जा आणि वेचून काढा. पानाच्या मागे तपकिरी खवले किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. कपाशीवर मारायचे औषध या एवढ्याशा रोपावर मारू नका. रोप जळेल, आणि माठाजवळ ते औषध बरे नव्हे.

यात पैसा आहे का?

हा प्रश्न येणारच. कोणी येऊन सांगतो, "दहा गुंठ्यांत ऑर्किड लावा, लाखो मिळवा." सावध राहा. विक्रीसाठी ऑर्किड घ्यायचे तर सावलीचे जाळीघर लागते, हवेत धुके सोडणारी यंत्रे लागतात, बारमाही चांगले पाणी आणि न जाणारी वीज लागते. हे सगळे करून माल ठरल्या दिवशी पुण्याच्या बाजारात पोचवायचा. कोकणात, केरळात, ईशान्येकडे हवाच दमट आहे. त्यांना जे फुकट मिळते, ते आपल्याला विकत घ्यावे लागते. थायलंडसारख्या देशातूनही फुले येतात. त्यांच्याशी आपली बरोबरी. मी असे म्हणत नाही, की कोणीच करू नये. पण कर्ज काढण्याआधी घरची चार रोपे दोन उन्हाळे जगवून पाहा. ती जगली, फुलली, तर मग पुढचा हिशेब मांडा. आणि जो रोपे विकतो, त्याच्याच तोंडून बाजारभाव ऐकू नका. बाजारात जाऊन स्वतः विचारा.

फूल कधी येईल?

नव्या रोपाला पहिल्या वर्षी फूल बहुधा येत नाही. ते आधी मुळे पसरते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पानांच्या बेचक्यातून हिरवा कोंब निघतो. तो नवे मूळ आहे की तुरा, हे सुरुवातीला कळत नाही. मूळ गुळगुळीत आणि गोल टोकाचे असते. तुऱ्याच्या टोकाला बारीक खवले दिसतात. तो खाली झुकू लागला आणि त्यावर मोहरीसारखे दाणे दिसले, की समजा वेणी येते आहे. त्या दिवसांत रोपाची जागा हलवू नका, आणि पाण्याला एक दिवसही चुकू नका.

तुरा झाडावर ठेवला तर दोन-तीन आठवडे टिकतो. तोडून केसांत माळला तर एखादा दिवस. घरात लग्न असेल आणि पोरीने हट्ट धरला, तर एक तुरा द्यायला हरकत नाही. झाडाला त्याने इजा होत नाही. फुले गळाली की वाळलेला दांडा कात्रीने कापा. शेंग धरली असेल आणि रोप लहान असेल, तर शेंगही काढून टाका. ती महिनोन् महिने झाडाची शक्ती ओढते.

तोवर मृग येतो. नव्या मुळांची हिरवी टोके सालीवरून पुढे सरकू लागतात. दोन-तीन पावसाळे गेले की रोप हाताने हलवून पाहा. हलले नाही, तर सुतळी कापून टाका.